खांबातला खिळा

घर मी निवडलं होतं. त्यामुळे त्यात जे जे वाकडं होतं ते माझं होतं, आणि त्या घरात सरळ काहीच नव्हतं. जर्मनीतल्या एका जुन्या गावाच्या मध्यभागी, ओकचे खांब आणि तुळया रस्त्यावरूनही दिसतील असं, काही शतकांपूर्वी उभं केलेलं. जमीन खिडकीकडे उतरती. खाली घरमालक राहायचे, निवृत्त संगीतशिक्षक. वरचा मजला आमचा. किल्ली देताना त्यांनी नवऱ्याला नाही, मला सांगितलं की घर संरक्षित आहे, लाकडात खिळा मारायचा नाही. चित्रं छतालगतच्या पट्टीवरून दोरीने टांगायची. मग हात पुढे केला. मी हात दिला. तिथे तो शब्द दिल्यासारखाच असतो.

करार एका वर्षाचा होता. पुढे राहू द्यायचं की नाही ते त्यांच्या हातात. मला राहायचं होतं.

सासूबाई पुण्याहून आल्या आणि दारातच म्हणाल्या, “लाकडं उघडीच टाकलीत? गिलावा करायचा राहिला का ह्यांचा?”

“जुनं घर आहे, आई.”

“ते दिसतंय.”

त्यांनी आणलेली गणपतीची तसबीर मी दोरीने टांगली. कोणी चाललं की ती हलायची. “देवाला फाशी दिलीय हिने,” त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. तो हसला.

दुसऱ्या दिवशी मी कुकर लावत असताना हातोडीचे घाव ऐकू आले. धावत गेले तोवर गणपती दारालगतच्या खांबावर बसला होता आणि सासूबाई त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्या ग्रुपला पाठवत होत्या. जिना करकरला. नवऱ्याने हातोडी सोफ्याच्या उशीखाली सरकवली.

घरमालकांनी तसबीर अलगद उतरवून खिळा पाहिला. कोणी मारला, एवढंच विचारलं.

“माझ्या बायकोने,” नवरा जर्मनमध्ये म्हणाला. “तिला इथले नियम अजून नीट कळत नाहीत.”

त्याला खोटं पाडण्यापुरते शब्द मला तिन्ही भाषांत येत होते. मी उशीकडे बघत राहिले.

“तुम्ही हात दिला होता,” घरमालक मला म्हणाले. नवरा खिळा उपटायला पुढे झाला, तर म्हणाले, “नको. लाकूड आणखी फाटेल. आता तो राहील.”

ते गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणत होता म्हातारा?”

“काही नाही गं. आवाज झाला म्हणून आला होता.”

“मग ही का अशी उभी? इंग्लिश मिडियमच्या मुलींना वाचा नसते का?”

त्यानंतर जिन्यात घरमालक नवऱ्याला नमस्कार करायचे, मला नाही. करार वाढला नाही. नवरा म्हणाला, “बरंच झालं. लिफ्टवालं घर बघू. आणि तू त्याच्याशी दोन शब्द गोड बोलली असतीस तर ही वेळ आली नसती.”

शेवटच्या महिन्यात घर बघायला एक तरुण जोडपं आलं. घरमालक त्यांना घेऊन वर आले, खांबापाशी थांबले आणि त्या मुलीला बोट लावून खिळा बघायला सांगितलं. मी तिथेच कपबश्या कागदात गुंडाळत होते.

“हे ह्यांनी केलं,” ते म्हणाले.

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मग त्यांनी तिच्यापुढे हात केला.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” नवरा मान डोलावत म्हणाला. “लाकडाला जपावंच लागतं.”