भाजलेल्या जवळ्याचा वास

जवळा भाजल्याचा खमंग वास आला, की ती घटना आजही आठवते. साठच्या दशकात मी पालघर ठाण्यात फौजदार होतो. तारापूरला बांधकाम जोरात होते आणि बोईसरच्या रस्त्यावर खडीच्या ट्रकांनी नुसता उच्छाद मांडला होता.

एका सकाळी किनाऱ्यावरचा एक खलाशी सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोळंबीची, पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाला. बायको थोडी मागे होती. तिच्या डोळ्यांदेखत ट्रकने त्याला उडवले आणि पळ काढला. मी पंचनाम्याला पोहोचलो, तेव्हा रस्ताभर जवळा सांडला होता.

बेटेगावच्या चहावाल्याने खबर दिली, फुटक्या दिव्याचा ट्रक मनोरकडे गेला. मनोरच्या ट्रकमालकाला निरोप धाडणार, तोच तो स्वतः ड्रायव्हर आणि फुटक्या दिव्याचा ट्रक घेऊन आपणहून हजर! विमाही चोख. इतका सरळ ट्रकमालक मी जन्मात पाहिला नव्हता, म्हणूनच संशय आला. ड्रायव्हर एकच घोकत होता, "साहेब, हीच गाडी."

ती गाडी घेऊन मी मालकाच्या आवारात गेलो. तिथे तशीच दुसरी उभी होती, धुऊन लख्ख, दिवा नवाकोरा. म्हटले, दोन्ही इंजिने चालू ठेवा. पहिलीचा नुसता धूर. दुसरी तापली आणि आवारभर जवळा भाजल्याचा वास सुटला. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला जवळा धुऊन निघाला नव्हता. ड्रायव्हरने कबुली दिली. त्या गाडीचा विमाच नव्हता.

खरे अवघड काम पुढेच होते. मी खलाशाच्या बायकोला म्हटले, "बाई, पहिली गाडी असती तर विमा कंपनीने भरपाई दिली असती. आता मालकाच्या मागे कोर्टात फिरावे लागेल. तो रडवेल."

"फिरेन, सायेब," ती म्हणाली. "मानूस तर गेला. त्याचं मरन तरी खोटं करू नका."

मालकाने खरेच रडवले. तोवर तिचे घर चालले ते नवरा ज्या होडीवर होता, त्या होडीवाल्या नाखव्यामुळे. मासळीचे वाटे घालताना तो मेलेल्या खलाशाचाही वाटा काढायचा. "वाटा त्याचा हाय, आमी कोन बंद करनार?"

तिच्या साक्षीचे समन्स घेऊन मी किनाऱ्यावर गेलो. बाकीच्या बाया निघून गेल्या होत्या. खलाशाची बायको मात्र पाटी भरून तशीच उभी, रिकाम्या होडीकडे बघत.

"कोणाची वाट बघताय?"

"त्याचा वाटा उतरला ना, सायेब. आता तो उतरंल असं वाटतं."

मला समन्स पुढे करवेना. तेव्हापासून गाडी अडवली की मी आधी विमा बघायचो. नसला की ड्रायव्हर गयावया करायचे, आजच्या दिवस सोडा म्हणायचे. मी कधी सोडले नाही. मला ती रिकामी होडी दिसायची.