मीटर शून्य दाखवत होता

"शून्य? अगदी शून्य?" मी विचारलं.

"हो सर, मुकादमाने आतून वॉकीटॉकीवर कळवलं, एकदम क्लीन," साइट इंजिनीअर निंबाळकर म्हणाले. "तो आणि जोडीदार टोकाकडे गेलेसुद्धा."

पुण्यात वारज्याच्या पुढे डोंगरात पाण्यासाठी बोगदा खोदणं चालू होतं. माझी हयात चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत हवा सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर या साइटवर सेफ्टी बघतो. ब्लास्टिंग नुकतंच झालं होतं. स्फोटानंतर कार्बन मोनॉक्साइड निघतोच. त्याला ना रंग, ना वास. माणूस गुंगी आल्यासारखा खाली बसतो आणि उठत नाही. अशा वेळी गॅस मोजणाऱ्या मीटरवर थोडा तरी आकडा असावा. शून्य दिसलं की मला धास्ती वाटते.

"मीटर कुठे टांगलाय?"

"डक्टच्या आतल्या तोंडाशी."

डक्ट म्हणजे जाड कापडी नळ. बाहेरचा पंखा त्यातून ताजी हवा आत ढकलतो. तो खोदकामाच्या टोकाजवळ पोचायला हवा. इथे तो बराच अलीकडे संपत होता. आदल्या दिवशीच मी वाढवायला सांगितलं होतं. "सामान आलं नाही," असं उत्तर मिळालं होतं.

"वा! थर्मामीटर नर्सच्या तोंडात, आणि म्हणे पेशंटला ताप नाही!"

वॉकीटॉकीवर तीनदा हाक मारली. उत्तर नाही. निंबाळकर आत धावले. मी त्यांची कॉलर धरली. "थांबा! असे धावणारेच आधी जातात."

ऑक्सिजनचे सेट चढवून आम्ही चौघं आत शिरलो. डक्ट मागे पडला आणि माझा मीटर किंचाळू लागला. पुढे मुकादम देवराव भिंतीला टेकून बसला होता, जोडीदार आडवा पडला होता. दोघांना ओढत बाहेर आणलं. श्वास चालू होता.

डक्ट त्याच दुपारी वाढला. सामान साइटवरच होतं म्हणे.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. देवराव शुद्धीवर होता. मी विचारलं, "मीटर तिथे कुणी टांगला?"

"म्याच, साहेब," त्याने मान खाली घातली. "आत नेला का लय बोंबलते. काम होऊ देत नाही."

खाणीत मीटर वाचायला त्याला मीच शिकवलं होतं. झापायचं ठरवून गेलो होतो, पण त्याचा हात धरून बसून राहिलो. वाचायचा कसा ते शिकवलं. धरायचा कुठे, ते त्याला कळतच असेल असं मानलं.

आता कुणी फोनवर शून्य कळवलं, की मी आधी विचारतो, "तुम्ही उभे कुठे आहात?"