इराणी चाल, मुक्काम अकोला

भेंडी एक दिवस तोडायची राहिली की जून होते, मग तिला कोणी विचारत नाही. किश्शांचं उलटं आहे. जितके दिवस ठेवावेत तितके ते कोवळे होत जातात! आमच्या बँडचे माझ्याजवळ इतके साठलेत की कोणी चहा पाजला की मी सुरू होतो. न पाजताही होतो.

आमचा बँड म्हणजे अकोल्याच्या मोर्णाकाठचे आम्ही माळी लोक. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. सकाळी आम्ही बाजारात वांगी-मेथी विकायचो आणि संध्याकाळी लाल कोट चढवून वरातीत उभे राहायचो. तुळशीराम मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे, मी मोठा ढोल. कोटाला भाजीचा वास लागलेलाच असे. एकदा नवरदेवाच्या घोड्याने माझी बाही तोंडात धरली ती सोडेचना! नवरदेव वरून ओरडतोय, "मेथी हाय का बे खिशात?" आणि खरंच होती.

* * *

अकोल्याच्या श्रीमंतांना लग्नात अमरावतीचा बँड लागे. गावचा बँड लावला तर पाहुणे काय म्हणतील? आता गंमत अशी की अमरावतीच्या श्रीमंतांना लागे अकोल्याचा!

त्यामुळे लग्नसराईत दोन्ही बँड मूर्तिजापूरच्या फलाटावर भेटायचे. आम्ही अमरावतीकडे निघालेले, ते अकोल्याकडे. अमरावतीचे उस्ताद पानाचा डबा पुढे करत मास्तरांना म्हणायचे, "मास्तर, आपण इथूनच वापस गेलो तर? तिकीट वाचंल."

मास्तर पान घेत म्हणायचे, "मंग आपल्याले बँडवाले कोण म्हणंल जी? घरी तर आपण भाजीवाले!"

* * *

आमच्या मास्तरांच्या डोक्यात मात्र एक वेड होतं. भादव्याच्या पुनवेला आमच्याकडे पोरी घरोघर भुलाबाई, म्हणजे माहेरी आलेली मातीची पार्वती, मांडतात आणि महिनाभर सासर-माहेरची गाणी म्हणतात. मास्तरांची धाकटी बहीण त्यात सगळ्यांच्या पुढे असायची. तिच्या गळ्यातली एक चाल मास्तरांनी क्लॅरिनेटवर बसवली होती. बहीण पुढे बाळंतपणात गेली. ती चाल एकदा तरी भर वरातीत वाजावी आणि कोणीतरी 'हे आपलं हाय' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा.

बार्शीटाकळीच्या एका लग्नात त्यांनी धीर केला. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तोच नवरदेवाचा मामा हात हलवत आला.

"ओ मास्तर! हे काय वाजवून राहिले?"

"भुलाबाईचं हाय जी. आपलंच हाय."

"आपलं हाय म्हणूनच म्हणतो! हे तर आमच्या पोरी आंगणात फुकट म्हणतेत. मुंबईचं काही वाजवा ना!"

मास्तरांनी मुंबईचं वाजवलं. परतताना बैलगाडीत ते क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळून बसले. मलाही फार वाईट वाटलं.

* * *

एका मुलखाचं गाणं दूरवर जातं आणि शेजारच्या मुलखाचं घरातच राहतं, असं का, यावर बाजारातल्या हॉटेलात आमचा वाद चाले. कोणी म्हणे त्यांचा गळा गोड, कोणी म्हणे त्यांची पेटी चांगली. ट्रम्पेटवाल्या गणपतचं म्हणणं, त्यांच्या बाया गोऱ्या! गाणं ऐकताना बाई दिसते कुठे, असं विचारल्यावर तो म्हणाला, "आवाजावरून समजते."

हॉटेलवाल्याकडे ग्रामोफोन होता. त्यावर तो कुठल्या तरी परक्या भाषेतली एक तबकडी दिवसभर लावायचा. एक शब्द कळेल तर शपथ. मास्तरांनी शेवटी विचारलं, "शेठ, मराठी काहून लावत नाई?"

शेठ गल्ल्यावरून म्हणाला, "समजलं की गिऱ्हाईक चहा पिऊन उठून जाते. नाई समजलं की बसते, आन् आणखी एक चहा मांगते!"

* * *

एकदा जंगलाच्या ठेकेदाराने मुलीच्या लग्नासाठी आम्हाला धारणीला नेलं. लाकडं वाहायच्या मोटारीत बसून गेलो. रस्ता असा की पोचेपर्यंत माझा ढोल आपोआपच वाजत होता.

तिथे आम्ही कडक इंग्रजी मार्च लावला. आजूबाजूच्या पाड्यांवरची कोरकू माणसं गोल करून शांत बसून राहिली. आम्हाला वाटलं, भारावून गेले! मास्तरांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "कसं वाटलं, बाबा?"

"अच्छा हाय," म्हातारा म्हणाला. "नाच कब शुरू करायचा?"

मग त्यांनी आपले ढोल आणि बासऱ्या काढल्या. आमचा गणपत ट्रम्पेट खाली ठेवून असा नाचला की त्याच्या कोटाची बटणं दुसऱ्या दिवशी शोधावी लागली. परतीच्या वाटेवर मोटार नाल्याच्या रेतीत फसली. आम्ही उतरून ढकलत होतो तेव्हा मास्तर धापा टाकत म्हणाले, "पाह्यलं? इतलं मोठं गाणं, पण त्याले बाहेर यायले रस्ताच नाई!"

* * *

त्याच उन्हाळ्यात मोर्णेच्या पात्राशेजारी इराण्यांचे तंबू पडले. ते चाकू-कात्र्या विकत. मास्तरांनी क्लॅरिनेटच्या तोंडातली वेताची पट्टी घासायला त्यांच्याकडून एक छोटा चाकू घेतला आणि तो हातात धरून तसेच एका लग्नाला आले.

यजमान कापसाचे व्यापारी. म्हणाले, "मास्तर, मुंबईचं ऐकून कान किटले. नवीन काय हाय?"

मास्तरांचं डोकं कशानं फिरलं कोण जाणे. चाकू वर करून म्हणाले, "इराणी हाय!"

"इराणी? वाजवा ना मंग!"

आणि मास्तरांनी भुलाबाई लावली! जरा संथ, थोड्या हरकती घेऊन. मी ढोलावर दचकलोच. पण लोक माना डोलावू लागले. एक वकीलसाहेब डोळे मिटून म्हणाले, "वा! वाळवंट दिसून राहिलं डोळ्यापुढे!"

त्या दिवसापासून आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी इराणी चाल. अकोल्यातलेच लोक आम्हाला बोलवायला लागले! आम्ही सगळे खूश, मास्तर सोडून. एकदा वाफ्याला पाणी देताना मला म्हणाले, "गड्या, चाल मोठी झाली. पण मायी बहीण परकी झाली रे."

* * *

पुढच्या सराईत मूर्तिजापूरच्या फलाटावर उस्ताद भेटले. उत्साहात होते. पेटीतून क्लॅरिनेट काढून म्हणाले, "मास्तर, एक नवी चीज बसवली. ऐका."

भुलाबाई!

मास्तर शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "उस्ताद, तिसऱ्या ओळीत सूर जरा खाली येते."

उस्तादांनी प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही मास्तर, तुमची चूक नाही. इराणचं गाणं आहे, त्याला कान इराणीच पाहिजे!"

* * *

हिवरखेडला एका मोठ्या शेतकऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. दादासाहेब म्हणत त्यांना. त्यांनी आधीच बजावलं होतं, "इराणी वाजलं पाहिजे. साऱ्या गावाले सांगून ठेवलं हाय."

दिवस कलताना वरात निघाली. गावातल्याच नवरीच्या दारापाशी आली आणि घोडा अडून बसला! पुढे जाईना, मागे सरेना. त्याला गूळ दाखवला, शिव्या दिल्या, काही उपयोग नाही. घोडा हलेपर्यंत बँड थांबवता येत नाही, म्हणून आम्ही आपली तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवतोय.

ओट्यावर बायका ओवाळायला उभ्या होत्या. नवरीची मावशी हातात ताट धरून कान देऊन ऐकत होती. तिनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं तिच्याकडे. आणि मावशीनं गायला तोंड उघडलं. भुलाबाईचे शब्द, चालीवर बरोबर बसलेले! दुसरीनं उचललं, तिसरीनं उचललं, आणि बघता बघता सारा ओटा गाऊ लागला. म्हाताऱ्यासुद्धा.

मास्तरांच्या तोंडातून क्लॅरिनेट सुटलं. ट्रम्पेट थांबली. माझा हात तेवढा चालू राहिला, कारण थांबवायचं मला सुचलंच नाही.

दादासाहेब गर्दीतून वाट काढत आले. चेहरा लालबुंद. आता बिदागी तर गेलीच, वरून मारही बसणार, असं समजून गणपत माझ्या ढोलाआड सरकला.

"मास्तर! हे तर आपलं हाय!"

मास्तरांनी मान हलवली. 

दादासाहेब ओट्याकडे बघत राहिले. गाणाऱ्या बायकांत आता वरातीतून ओट्यावर चढलेली त्यांची आईही होती. मग ते वळले, उपरणं उंच फडकावलं आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "ऐका रे! आपली भुलाबाई इराणपावतर गेली!"

गावानं एकच जल्लोष केला.

मास्तरांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, क्लॅरिनेट पुन्हा ओठांशी नेलं आणि म्हणाले, "गेली होती, दादासाहेब. आज माहेराले आली."