मागच्या सीटवरच्या तडीआक्का

तडीआक्कांना गाडी लागायची, आणि त्यांच्या या एका गुणावर विश्वास टाकून आमच्या निपाणीतली बरीच माणसं जुन्या गाड्या घेत होती. टायर किती घासलेत, क्लच कुठं उचलतो, रंग एकदाच मारलाय की ठोकल्यावर परत मारलाय, हे बघायला मेकॅनिक असायचा. आक्का मागं बसायच्या. डावी खिडकी, हातात लिंबू, पदराखाली प्लॅस्टिकची पिशवी. गाडी तवंदीचा घाट चढून-उतरून परत आली आणि लिंबू तसंच राहिलं, तर गाडी पास. मध्येच मागून "तडी, तडी!" अशी आरोळी आली की नापास. मेकॅनिक कुरकुरायचा, की आक्कांनी आदल्या दिवशी काय खाल्लंय ते बिचाऱ्या गाडीला काय माहीत. पण गिऱ्हाईक त्याचं ऐकत नसे.

तडी हा कानडी शब्द. तडी म्हणजे थांब. आक्का चिकोडीकडच्या जैन घरातल्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि पोटात ढवळायला लागलं की मराठी पार विसरायच्या. मौज अशी की जिला सगळं गाव 'थांब' या नावानं ओळखायचं, ती बाई स्वतः एका जागी थांबलेली मी कधी पाहिली नाही. पायाला भिंगरी. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र उभ्यानं, भाजी निवडायला बसल्या तरी पायात चपला. रस्त्यावर कुठंही हॉर्न वाजला की ताटली सारून फाटकाशी हजर. "कोन निघालंय गं? कुठं?" मी भिंतीवरून सांगायची, "कुरियरवाला हाय, आक्का." त्यांचा चेहरा असा पडायचा की त्या कुरियरवाल्यानंच त्यांना मागं बसवून एक चक्कर मारून आणावी असं मला वाटायचं.

आमची भिंतीला भिंत होती. माझी आई त्यांच्या सासऱ्यांच्या तंबाखूच्या वखारीत कामाला. पुढं मी शिकले, प्राध्यापक झाले, आणि आम्ही त्यांच्या शेजारचाच प्लॉट घेऊन घर बांधलं. आक्का पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा सोफ्यावर बसलेली आई सवयीनं उठून उभी राहिली. आक्का म्हणाल्या, "बस की गं. तू बसलीस तर मी बसतो, न्हायतर हा निघालो." आमच्याकडे बायकाही 'येतो, जातो, बसतो'च म्हणतात. पुण्यात शिकायला गेले तेव्हा त्यावरून मी माझं पुष्कळ हसं करून घेतलं होतं. तर, आई बसली. आक्काही बसल्या, आणि चहा यायच्या आत उठल्या. पण ते उठणं भिंगरीचं होतं, मालकिणीचं नव्हतं, हे आईलाही कळलं.

या भिंगरीचं मूळ मला उशिरा समजलं. आक्कांचे मालक, म्हणजे आप्पा, जीप बाळगून होते. लग्नाला, पंचकल्याण पूजेला, कुणाच्या बारशाला घरची सगळी त्या जीपमध्ये कोंबून निघायची आणि आक्का मागं राहायच्या. हिला गाडी लागते, सगळ्यांचे कपडे खराब करील, हे ठरलेलं. आक्का मला सांगत होत्या, "सगळी गेली की मी भांडी हलवायचो. ह्या फळीवरची त्या फळीवर, त्या फळीवरची न्हानीत. माझाबी प्रवास व्हायला पायजे की गं!" त्या हसत होत्या, मला हसू आलं नाही. आप्पा गेले, मुलं बेंगळूरला लागली, आणि आक्कांनी एक लिंबू घेतलं नि बाहेर पडल्या. "लागंल तर लागंल. ओकीन आनि फुडं जाईन." पुढं भाच्यानं घेतलेल्या एका जुन्या गाडीत त्यांना काही झालं नाही, ती गाडी नशिबानं कुरकुर न करता वर्षानुवर्षं चालली, आणि आक्कांच्या पोटाची कीर्ती चिकोडीपर्यंत गेली.

माझी बेळगावच्या कॉलेजात नेमणूक झाली तेव्हा गाडीचा विषय आमच्या घरात आला. एसटीनं रोज जाऊन-येऊन माझी कंबर आणि माझा स्वभाव, दोन्ही कामातून गेली होती. नवऱ्याचं काम टॅक्सच्या कागदांचं, लॅपटॉप उघडेल तिथं त्याचं ऑफिस. त्यानं साधा हिशेब मांडला: कमी पेट्रोल पिणारी, रोज पळेल अशी छोटी जुनी गाडी मिळाली तर निपाणीत राहू, कॉलेज उघडेपर्यंत नाही मिळाली तर बेळगावला बिऱ्हाड. त्यानं तिथं एक फ्लॅट बघूनही ठेवला. हे आक्कांच्या कानावर घातलं, तर त्या हातातलं तिथंच टाकून फाटकाकडं निघाल्या. मग म्हणाल्या, "बघू की गाड्या. त्यात काय? आत्ता निघू."

आणि आम्ही निघालो ते निघतच राहिलो. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका कापडवाल्याची लाल गाडी दिसायला नवरी होती, पण दारं बंद केली की आत पेट्रोलचा वास कोंडायचा. बेळगाव सोडायच्या आत "तडी!" चिकोडीच्या डॉक्टरांची गाडी फारशी वापरलेली नव्हती, पण उभी राहून राहून तिचे टायर कडक झाले होते. "तडी!" कोल्हापूरची एक चांगली मिळत होती, पण तिची पाटी एमएचची, म्हणजे महाराष्ट्राची. सीमेच्या अलीकडे, आमच्या कर्नाटकात आणायची तर टॅक्स, एनओसी आणि आरटीओच्या खेपा, म्हणून तिला नवऱ्यानंच लांबून नमस्कार केला. हे सगळं ऊन असेपर्यंतच, कारण आक्का दिवस मावळल्यावर काही खात नसत. सूर्य कलायला लागला की त्या घड्याळाकडे, माझ्याकडे आणि आभाळाकडे आळीपाळीनं बघायच्या. त्यांच्या त्या चुळबुळीनं मला गाडी चालवणं मुश्कील व्हायचं.

एका खेपेची तर आठवण आली तरी अजून हसून पोट दुखतं. पुण्याहून बदलीवर आलेले एक बँक अधिकारी परत जायच्या आधी इथंच घेतलेली गाडी विकायला काढत होते. अतिशय सभ्य गृहस्थ. आम्ही हातही लावायच्या आधी म्हणाले, मीच चालवून दाखवतो. घाटाच्या दुसऱ्या वळणाला मागून आवाज आला, "तडी! तडी!" साहेबांनी आरशातून त्या पांढऱ्या पातळातल्या, सोवळ्या चेहऱ्याच्या बाईंकडे पाहिलं. "ताडी? आत्ता?" मी घाईघाईनं "थांबा, थांबा" म्हणाले, ते त्यांना ताडीच्या दुकानापाशी थांबा असं वाटलं असावं. "इथं कुठं दिसत नाहीये हो," असं म्हणत ते बिचारे रस्त्याच्या दोन्ही बाजू न्याहाळत गाडी पळवत राहिले. पुढं जे झालं ते त्यांच्या सीटकव्हरवर झालं. खाली उतरल्यावर आक्का तोंड पुसून त्यांना म्हणाल्या, "गाडी ब्याड, नगं. पन मानूस तुमी लई चांगलं."

मे महिना उताराला लागला. मला रात्री झोप येईना. गाडी हवी, गाडी मिळत नाही, मिळाली तर आक्कांना लागते. एकदा मनात आलं, ही बाई मुद्दाम तर करत नाही? गाडी आली की या फेऱ्या संपणार, मग हिला कोण कुठं नेणार? नवऱ्याला सांगितलं, तर त्यानं ते हसण्यावारी नेलं. भिंतीपलीकडे आक्का झाडांना पाणी घालत होत्या, आणि तो मोठ्यानं म्हणाला, "आक्का, आता तुमच्या पोटावर आमचं बिऱ्हाड अडलंय बघा. फ्लॅटवाला उद्या-परवा टोकन मागतोय." पाइपातलं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं आणि बाहेर वाहायला लागलं. आक्का म्हणाल्या, "जावई, परवापत्तोर दम धरा."

बेळगुंदीच्या निवृत्त गुरुजींची चंदेरी गाडी दुसऱ्याच दिवशी दारात आली. त्यांची मुलगी निपाणीत दिलेली, तिच्याकडे ते आले होते. केए बावीसची, म्हणजे बेळगावचीच पाटी, कागद जिथल्या तिथं, इन्शुरन्स चालू, मेकॅनिकनं मान डोलावली. नवरा चालवायला, मी पुढं, मागं गुरुजी आणि आक्का. घाट सुरू झाला. दुसरं वळण आलं, माझे कान मागं. काही नाही. वर पोचलो, वळवली, उतरायला लागलो, तरी काही नाही. आरशात बघितलं तर आक्का स्तवनिधीच्या जैन मंदिराच्या दिशेला तोंड करून डोळे मिटून बसलेल्या, पदर तोंडाशी. मनातल्या मनात हात जोडत असतील, असं मला वाटलं. फाटकाशी उतरल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "दिली म्हना गाडी. माझ्या पोरीला दिली." आणि तडक घरात गेल्या. दिवस मावळायला आला तरी त्यांच्या स्वयंपाकघरात भांडं वाजलं नाही. मी हाक मारली तर आतूनच आवाज आला, "आज भूक न्हाय गं." मला वाटलं, आनंदानं असेल. मी इतकी खुशीत होते की पुढचा विचारच केला नाही. बेळगावचा फ्लॅट आम्ही सोडला.

कॉलेज सुरू झालं. पेट्रोल खरंच कमी लागत होतं, एसी चालत होता, आणि संध्याकाळी मी माणसासारखी घरी येत होते. मात्र माझ्याबरोबर येणाऱ्या मॅडम एकेक करून पुढची सीट मागायला लागल्या. मागं बसलं की कसंतरी होतं म्हणे. मला ते सगळं नाटक वाटायचं. एका रविवारी नवरा चालवत होता, पुढच्या सीटवर सामान होतं, म्हणून मी मागं बसले. तवंदीचं दुसरं वळण यायच्या आत गाडीचं मागचं सगळं अंग डोलायला लागलं, आणि मला, जिला जन्मात कधी गाडी लागली नाही तिला, खिडकीतून डोकं बाहेर काढावं लागलं. मागचे शॉकअप, धक्के झेलणारे, पार गेलेले होते. पुढं बसणाऱ्याला, मेकॅनिकलासुद्धा, पत्ताच लागत नव्हता.

घरी येऊन मी तशीच भिंतीपाशी गेले. "आक्का, त्या दिवशी तुम्हाला गाडी लागली होती की नाही?"

"कवा?"

"बेळगुंदीच्या गुरुजींची गाडी बघितली तवा."

त्या पाटीतल्या शेंगा या टोकाच्या त्या टोकाला करत राहिल्या. मग म्हणाल्या, "लागली तर. जीपमदी बी कवा इतकी लागली न्हवती."

"मग तडी का नाही म्हणालात?"

"म्हटलो असतो तर तू गेली असतीस की गं बेळगावला!" त्या एकदम माझ्यावर डाफरल्या. "सगळा घाट पदर तोंडात कोंबून बसलतो. घरला येऊन ओकलो. येडी का खुळी तू? गाडी लागायचं काय, जन्मभर लागलंय मला. शेजार असं पुन्ना मिळतंय व्हय?"

मनात त्यांच्यावर घेतलेला तो संशय आठवला आणि मान वर होईना. मी दुसऱ्या दिवशी शॉकअप बदलून घेतले, आणि त्या रविवारपासून आक्का मागच्या सीटवर. कधी संकेश्वर, कधी चिकोडी, कधी नुसतंच घाट चढून उतरून. "कुठं जायचं, आक्का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "फुडं."

मग त्यांचे गुडघे गेले. भिंतीला धरूनच त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या, पण चालायच्या. थोरला मुलगा बेंगळूरहून न्यायला आला तो मोठी, नवी, पाण्यावरून तरंगावी तशी चालणारी गाडी घेऊन. आक्का निमूट मागं बसल्या, डाव्या खिडकीशी. मी त्यांच्या हातात लिंबू दिलं. गाडी निघाली, गल्लीच्या कोपऱ्यावर पोचली आणि मागून आरोळी आली, "तडी! तडी!" मुलगा पिशवी घेऊन खाली उतरला, मी पळत गेले. आक्का कोरड्या तोंडानं बसल्या होत्या. लिंबू मुठीत तसंच.

"लागली का?"

"न्हाय गं. गाडी लई चांगली हाय." त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. "उगंच. जरा थांबावं वाटलं."

मग त्यांनीच हात सोडला आणि मुलाला म्हणाल्या, "चल रं." मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून रडले. पुढच्या हिवाळ्यात आक्का तिकडंच गेल्या. फोन आला तेव्हा मी कॉलेजात होते. घाट उतरताना मी आरशात फार वेळा बघितलं, इतकंच आठवतं.

आता गाडी फारच जुनी झाली. नवरा म्हणाला, काढून टाकू, नवी बघू. मीही हो म्हणाले. संकेश्वरचं एक तरुण जोडपं बघायला आलं, दोघंही नोकरीवाले, रोजची गाडी हवी होती. मुलगा चालवायला बसला, त्याची बायको पुढं, म्हणून मी मागं, डाव्या खिडकीशी. घाटात गाडी छान चालली होती, पोटातलं पाणीही हलत नव्हतं. ती मुलगी नवऱ्याला हळूच म्हणाली, "घेऊ या." पुढं दुसरं वळण दिसलं, आणि माझ्या तोंडातून केवढ्यांदा निघालं ते माझं मलाच कळलं नाही.

"तडी!"

मुलानं गाडी बाजूला घेतली. मुलीनं घाबरून पाण्याची बाटली पुढं केली. "लागली काय वो, मॅडम?"

"न्हाय," मी म्हणाले. "गाडी लई चांगली हाय. पन मी इकत न्हाय."