साडूंची एकनळी

आमच्या थोरल्या साडूंना आयुष्यात एकही हुकूम आवडला नाही आणि एकही कायदा त्यांनी मोडला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात इतक्या सुखाने नांदताना मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. कंधारच्या अलीकडे माळाच्या कडेला शेती, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडात कायम एकच प्रश्न, "हे कुठल्या नियमात बसतं?" एकदा सीताफळांची भली मोठी पाटी घेऊन ते आमच्याकडे लातूरला निघाले होते. कंडक्टर म्हणाला, पाटीचं वेगळं तिकीट काढा. साडूंनी नियम दाखवायला सांगितला. त्या भल्या माणसाने खरंच गाडी थांबल्यावर स्टँडावरच्या ऑफिसात नेऊन दाखवला. साडूंनी मुकाट्याने तिकीट काढलं आणि वर चार सीताफळं कंडक्टरच्या ओंजळीत ठेवली. "नियम हाय म्हणल्यावर आपलं काय म्हणणंच न्हाई," हे त्यांनी आमच्या घरी येऊन इतक्या समाधानाने सांगितलं, जणू केस जिंकून आले होते. माझ्या लग्नात मात्र फोटोग्राफर "हसा, हसा" म्हणाला आणि घोटाळा झाला. मला हसायला सांगणारा हा कोण, म्हणून फोटोत सगळं वऱ्हाड दात काढतंय आणि मधोमध साडू पंचनाम्याला बसल्यासारखे. वरातीत सर्वांत जास्त नाचलेला माणूस तोच होता, हे आज कुणाला सांगून पटत नाही.

त्यांच्या घरात भिंतीवर वडिलांच्या वेळची एक एकनळी बंदूक टांगलेली असे. परवाना शेती संरक्षणाचा. माळावरून रानडुकरांचे कळप उतरत, ते हुसकवायला साडू संध्याकाळी माचाणावर चढून हवेत एक बार काढत आणि खाली उतरून हातपाय धूत. त्या बंदुकीने कधी चिमणीसुद्धा मेली नाही. आमची अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "हिच्यापरीस ह्यांचं खोकणं मोठं हाय." पण विधानसभेची निवडणूक लागली आणि हुकूम आला, की सगळ्या परवानेधारकांनी आपापली हत्यारं जमा करावीत. तेव्हा नेमका भुईमूग काढणीला आला होता.

साडू बंदूक गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर पोलीस ठाण्याला निघाले. मी त्या वेळी त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो, म्हणून मागे बसलो. ठाण्यातल्या साहेबांसमोर हात जोडून त्यांनी विचारलं, "साहेब, माझ्यावर एखादी केस हाय का?"

"नाही."

"मी कधी कुणाला धमकावलं, दारू पिऊन गोंधळ केला, असं काही?"

"तसं काही नाही हो, काका. पण सगळ्यांचीच जमा करायचं ठरलंय."

"माझं नाव बघून ठरवलं का?"

"एकेकाचं कुठं बघत बसायचं? सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच न्हाई," साडू म्हणाले, आणि शांतपणे बंदूक जमा करून पावती घेतली. हुकूम चुकीचा असला तरी कोर्टाने तसं म्हणेपर्यंत तो पाळायचा, ही त्यांची रीत. दुसऱ्या दिवशी ते हायकोर्टाच्या खंडपीठात दाद मागायला निघाले. गावाने मनसोक्त हसून घेतलं. बंदुकीऐवजी डबडं वाजवायला ठेवलेल्या माणसाला डुकरं काही भीक घालेनात, आणि आठवडाभरात भुईमुगाचं रान नांगरल्यासारखं झालं. अक्का वाफ्यात उभी राहून रडली. "तुमचा न्याय काय पोत्यात भरून आणणार हायत का?" असं तिने विचारलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. पण तारखेला गेले.

प्रकरण सुनावणीला आलं तोवर निवडणूक उरकली होती आणि बंदूक परत मिळाली होती. सरकारी वकील म्हणाले, आता या अर्जात काही उरलेलं नाही. न्यायाधीशांनी साडूंच्या वकीलबाईंकडे पाहिलं, त्यांनी मागे माझ्याशेजारी बसलेल्या साडूंकडे. साडू उठून उभे राहिले.

"मायबाप, भुईमूग गेला, त्याचं काई म्हणणं न्हाई. पुढच्या निवडणुकीला पुन्हा मागतेल तवा?"

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, या गृहस्थांची माहिती कुणी तपासली होती का? वकिलांनी कागद चाळले आणि नकारार्थी मान हलवली. निकाल साधा होता. कायद्याने जमा करून घेण्याचा अधिकार दिलाय, पण तो प्रत्येकाचं पाहून वापरायचा. सरसकट हुकूम चालणार नाही. साडूंनी बाहेर येऊन टोपी काढली, डोळे पुसले आणि आम्हाला उसाचा रस पाजला.

पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक आली. या वेळी नवीन साहेबांनी त्यांची फाइल नीट पाहिली आणि कळवलं, की आपली बंदूक आपल्याकडे ठेवायला हरकत नाही. तरी साडू गोणपाटात बंदूक घेऊन ठाण्यात हजर.

साहेब चक्रावले. "अहो काका, तुम्हीच कोर्टात गेला होतात ना? ठेवा की!"

"ठेवली असती. पण औंदा माझा सख्खा पुतण्या उभा राहून राहिला. समोरच्या पार्टीतला माणूस माझ्या वट्ट्यासमोरून मताला जाणार. त्यानं भिंतीवर बंदूक कशाला बघावी?"

"मग कोर्टकचेरी कशासाठी केली?"

"तवा तुम्ही घेतली होती, साहेब. आता मी देऊन राहिलो."

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि चहा मागवला. पुतण्या पडला. हरलेल्याच्या आणि जिंकलेल्याच्या, दोन्ही घरी साडू पेढे घेऊन गेले.

आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हाताला कंप आहे. गेल्या वर्षी परवाना नूतनीकरणाला त्यांनी अर्जच केला नाही. नेम नसलेल्या माणसाने बंदूक बाळगू नये, हा हुकूम त्यांनी स्वतःच स्वतःला काढला आणि बंदूक रीतसर सरकारजमा केली. दिवाळीनंतर मी गेलो, तेव्हा उन्हं कलताना आम्ही दोघं माचाणावर बसलो होतो. ज्वारीच्या कडेला डुकरं आली. साडूंनी डबडं वाजवलं. कळप थबकला, त्यातल्या एका थोराड डुकराने मान वर करून आमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग सगळी सावकाश, अजिबात न घाबरता, माळाकडे वळली.

"गेली," मी म्हणालो.

"जातेत," साडू म्हणाले, आणि त्यांना नीट न दिसणाऱ्या त्या माळाकडे बघत राहिले. "लई वर्षांची वळख हाय, पाव्हणं."