ठरल्या भावाचा हिरवा दगड

एका दगडासाठी अंबरनाथ-बदलापूरला जायचं ठरवलं, तेव्हा नवरा म्हणाला, "पुण्यातले संपले का?" मी हसले आणि बँकेत शुक्रवार-शनिवारची रजा टाकली.

गटाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. दगड-स्फटिक जमवणाऱ्या आम्हा पंचवीसेक जणांचा एक ईमेल-गट आहे. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. कुणी ऑफिसातून लिहितं, कुणी सायबर कॅफेतून. कुणी दगड विकायला काढला की जो आधी 'घेतला' असं लिहील त्याचा तो. पावती नाही, आगाऊ रक्कम नाही. त्यानंतर भाव बदलायचा नाही आणि कारणं सांगायची नाहीत. कारणांचा नियम मागच्या वर्षी आला. जळगावच्या एका सभासदाने सौदा ठरल्यावर बायकोचं आजारपण सांगून भाव वाढवून मागितला. आम्ही त्याला गटातून काढलं. मीही काढा म्हणाले होते. त्याची बायको खरंच आजारी होती का, ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

बदलापूरच्या विलास भोईरने लिहिलं, 'हिरवा ॲपोफिलाइट स्फटिक, मुठीएवढा, टोकं शाबूत.' मी लगेच 'घेतला' लिहिलं आणि पुढच्या शुक्रवारी न्यायला येते म्हणून कळवलं.

पुण्याहून सकाळच्या गाडीने कर्जत, तिथे गरम वडा, मग कल्याणच्या बाजूला जाणारी लोकल. अंबरनाथला पूर्वेला उतरून शिवमंदिराकडे चालत गेले. रिक्षाही मिळते, पण लांब नाही. मंदिर पाहायचं तर घाई करू नका. बाहेरच्या भिंतींवर एक बोटभर जागा कोरी सोडलेली नाही आणि गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. काळ्या दगडाला हात लावून मी बराच वेळ उभी होते. बाजूने वाहणाऱ्या ओढ्याला मात्र कारखान्यांचा वास येतो. फोटो काढताना नाकाला पदर लावावा लागला.

पहिली पाळी सुटल्यावर विलास एमआयडीसीच्या नाक्यावर भेटला. पस्तिशीचा, हडकुळा, बोटांच्या पेरांत रंग मुरलेला. रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर आहे.

"तीन महिने पगार नाय, ताई. पण हजेरी लावायची. नाय लावली तर मागचा पण गेला."

बदलापूरला त्याच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी झाली. मग त्याने पलंगाखालून पेटी ओढली आणि गवतात गुंडाळलेला दगड काढून माझ्या हातावर ठेवला. बाटलीच्या काचेसारखा हिरवा, भोवती पांढऱ्या स्टिल्बाइटचे बारके स्फटिक, एकाही टोकाला चरा नाही. मी इतकी वर्षं दगड पाहतेय. असा हातात आला नव्हता.

"उल्हासनगरचा एक शेठ दुसऱ्याच दिवशी नोटा घेऊन आलता," विलास सांगू लागला. "दुप्पट भाव. म्हटलं, शेठ, गया वो. तर म्हणतो, 'गया किधर? सामने तो रखा है!'"

आम्ही दोघं हसलो. त्याची बायको नाही हसली. "घरात पगार नाय आणि ह्यांचा तोरा बघा," ती भांडी उचलत म्हणाली.

मला मात्र अभिमान वाटला, स्वतःचाही. कागदाशिवाय, न पाहिलेल्या माणसांत शब्द टिकतो, आणि तो टिकवणाऱ्यांत आपण आहोत, असं काहीतरी. मी ठरलेली रक्कम दिली.

दगड कुठून निघाला हे लेबलवर असल्याशिवाय आमच्यात त्याला अर्थ नाही. मी खाण दाखवायला सांगितलं.

"बदलापूर लिहा ना. खाणीवर नुसती धूळ आहे, ताई."

"न्या की," आतून बायको म्हणाली. "बघू दे त्यांना."

रात्री स्टेशनजवळच्या लॉजवर राहिले. खोली एकशेवीस रुपये, चादर स्वच्छ, पंख्याचा आवाज फार.

सकाळी बारवी धरणाच्या रस्त्याने निघालो. जाऊन-येऊन रिक्षाचे दीडशे ठरले. आधी ठरवूनच बसा. चामटोली मागे पडल्यावर डोंगर जवळ येतात, भाताची खाचरं रिकामी पडलेली असतात. एरवी मी त्या रस्त्याबद्दल पानभर लिहिलं असतं. पण माझं लक्ष विलासकडे होतं, तो शेजारी बसून बोटांतला रंग नखाने खरवडत होता. खाण दिसली तरी त्याने रिक्षा थांबवली नाही. पुढे डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवर नेऊन थांबवली.

एका झोपडीच्या दाराशी एक माणूस बसला होता. उजव्या डोळ्यावर फडकं, त्या बाजूचा गाल सुजलेला. तो बारकू, खाणीवरचा मजूर. माझे कालचे पैसे विलासने खिशातून काढले, त्यातले निम्मे मोजून बारकूच्या हातात दिले आणि मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

त्याने गटावर लिहिलं तेव्हा दगड खाणीच्या भिंतीत होता. पोकळीत हात घालून त्याने टोकं चाचपली होती, एवढंच. मी 'घेतला' लिहिलं त्याच संध्याकाळी त्याला कळलं की ठेकेदार दुसऱ्या दिवशी तिथेच सुरुंग लावणार. पहाटे त्याने बारकूला छिन्नी देऊन पाठवलं. निम्मे पैसे तुझे, दगड विकला गेला की. दगड अखंड निघाला. शेवटच्या घावाला छिन्नीची कपची उडून डोळ्यात गेली. उल्हासनगरच्या डॉक्टरने त्याच दिवशी सांगितलं, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, लगेच.

"मग नेलं का नाही?"

"आठ दिस बसलाय," बारकूची बायको जनी म्हणाली. "इलास बोलला, पुन्याची बाय येल, पैसं देल, मंग जाऊ म्हमईला. तवर खायाचं काय नि गाडीला द्याचं काय?"

पुण्याची बाई म्हणजे मी. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला आले होते.

मी विलासवर चिडले. "शेठला द्यायचा होता! तो रोख घेऊन उभा होता ना?"

"तुम्हाला दिलेला होता."

"निदान मला कळवायचं. मी त्याच दिवशी आले असते."

"काय कळवू?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "जळगाववाल्याला काढलात तेव्हा मी पण गटातच होतो, ताई. माणसाचा डोळा गेलाय, लवकर पैसे द्या, असं लिहिलं असतं तर काय म्हणाला असतात तुम्ही सगळे? आला रडगाणं घेऊन. कारखान्यात मला कोण विचारत नाय. त्या गटावर माझं नाव लिहिलं की लोक न बघता दगड घेतात. तेवढंच आहे माझ्याकडे."

बारकू एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता.

"टोक गेलं नाय ना?" त्याने विचारलं. "मी नाय बघला नीट. निघला, नि लगीच डोल्यात गेलं."

पिशवीत दगड होता. मी तो काढून त्याच्यापुढे धरला. त्याने मान वाकडी करून पाहिला. "बरा हाय," म्हणाला.

त्याच रिक्षाने आम्ही चौघं स्टेशनवर आलो आणि मुंबईच्या आधी त्याच डॉक्टरांना दाखवायला लोकलने उल्हासनगरला उतरलो. या भागात पहिल्यांदा जाणाऱ्याने दाल-पकवान खावं, असं मला खूप जणांनी सांगितलं होतं. दाल-पकवानची हातगाडी दवाखान्याच्या समोरच होती. जनीने एक प्लेट घेतली आणि बारकूला भरवली. विलासने आणि मी चहासुद्धा घेतला नाही.

डॉक्टर म्हातारे सिंधी. फडकं सोडून त्यांनी बॅटरी धरली, मग ती टेबलावर आपटली. "मैंने बोला था ना उसी दिन? लोहा है अंदर, लोहा! अब मेरे पास क्यूं लाए?" मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, या डोळ्याने आता दिसायचं नाही. आजच मुंबईला गेलात तर याची बाधा न होता दुसरा वाचेल."

ते तिघं मुंबईला निघाले. मी दगड परत देऊ केला, शेठला विक म्हणाले. विलासने हात मागे घेतले. "पैसे घेतलेत तुमचे." पर्समध्ये होतं ते मी जनीला दिलं. तिने न बघता पदराच्या टोकाला बांधलं. मी कल्याणहून पुण्याची गाडी धरली.

घरी आल्यापासून मी हिशेब मांडतेय आणि चूक नेमकी कुणाची ते सापडत नाही. विलासने भाव बदलला नाही. बारकूने दगड अखंड काढला. मी सांगितलेल्या दिवशी पोचले. प्रत्येकाने बोलल्याप्रमाणे केलं, आणि तेवढ्या आठवड्यात एका माणसाच्या डोळ्यात लोखंड गंजत राहिलं. पण शब्द माझ्यात आणि विलासमध्ये होता. बारकूला ईमेल म्हणजे काय ते ठाऊक नाही. कारणं सांगायची नाहीत, हा नियम रद्द करावा असं मी गटाला लिहिलं. दोघांनी होकार दिला. बाकीच्यांचं म्हणणं, मग उद्या प्रत्येकाकडे कारण असेल. तेही खोटं नाही. दगडाचा फोटो बघून मात्र सगळ्यांनी भरभरून लिहिलं.

परवा विलासचा फोन आला, पीसीओवरून. डोळा काढावा लागला, दुसरा शाबूत आहे. बारकू खाणीवर परत जायला लागलाय.

"ताई, तो विचारत होता. सुरुंगाने वरचं उडालं, पण खाली आणखी एक पोकळी उघडलीय. त्यातला मोठा आहे, असाच हिरवा. पाहिजे का?"

"नको," मी म्हणाले. "नको म्हणून सांग त्याला."

"काढू नको म्हणून सांगू, का तुम्हाला नको म्हणून सांगू?"

काढू नको म्हटलं तर त्याऐवजी त्याला काय देणार, ते मला सांगावं लागलं असतं. विलासच्या मागे कुणीतरी फोन आटपायची घाई करत होतं.

"मला नको," मी म्हणाले.

"बरं," विलास म्हणाला. "मग गटावर टाकतो."