पाद्रीबाबांचं इंजिन आणि खंडेनवमी

२००३ सालचा ऑक्टोबर. पिस्कॅटवेतल्या आमच्या दोन खोल्यांत एकच धास्ती भरून राहिली होती: सोमवारी माझं इंजिन चाललं नाही तर? त्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली, तिच्यामागोमाग त्याचा वर्क व्हिसा गेला आणि तो माझ्या स्टुडंट व्हिसावर डिपेंडंट म्हणून राहू लागला. म्हणजे आमचं अमेरिकेतलं राहणं माझ्या असिस्टंटशिपवर टेकलेलं. ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे माझे प्रोफेसर सोमवारचं प्रात्यक्षिक बघून ठरवणार होते. त्यांनी हे हसत हसत सांगितलं होतं. हसत सांगितलेल्या गोष्टींना मी जास्त घाबरते.

इंजिन तसं माझं नव्हेच, एका पाद्र्याचं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला हा धर्मगुरू. गावच्या गिरणीतला बॉयलर फुटला, माणसं गेली आणि त्यांना मूठमाती द्यायचं काम याच्याकडे आलं. त्यानंतर यानं चर्चमागच्या शेडमध्ये वाफेशिवाय, नुसत्या तापलेल्या हवेवर चालणारं इंजिन करायला घेतलं. रविवारी प्रवचन आणि बाकीचे दिवस हातात कानस. याच्या बोटांनी बायबलची पानं काळी होतात, असं गाव कुजबुजायचं. शेवटी त्या इंजिनानं विहिरीचं पाणी टेकडीवरच्या घरांपर्यंत चढवलं. रविवारी मात्र ते बंद, कारण देवाच्या दिवशी यंत्रालाही सुट्टी.

त्याआधी एकदा त्यानं बिशपना इंजिन बघायला बोलावलं आणि नेमकं त्याच दिवशी ते अडकलं. हा पठ्ठ्या कोट काढून इंजिनाखाली आडवा झाला आणि बिशप ताटकळत उभे राहिले. हा किस्सा ऐकून लॅबमधल्या सगळ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. मला हेवा वाटायचा. इंजिन अडकलं म्हणून त्याला कोणी सामान बांधून देश सोडायला सांगणार नव्हतं.

त्या इंजिनाची छोटी प्रतिकृती मी कित्येक महिने खपून केली होती. काचेच्या नळीत ग्राफाइटचा दट्ट्या, वर पितळी चाक, खाली स्पिरिटचा दिवा. हा दट्ट्या कोरडाच लागतो. आत तेल शिरलं की तो काचेला धरून बसतो. शेवटचा हात फिरवायला म्हणून मी ते वीकेंडला घरी आणलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि शनिवारी दुपारी नवऱ्याबरोबर दसऱ्याचं सामान आणायला गेले.

घरी सासरे होते. जन्मभर भिक्षुकी केलेले, मुलाकडे म्हणून पहिल्यांदाच देशाबाहेर आलेले. आणि त्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे घरातल्या शस्त्रांची, अवजारांची पूजा. आमच्या घरात अवजारं ती कुठली! परत आले तेव्हा भाजीची सुरी, नवऱ्याचा लॅपटॉप आणि माझं इंजिन हळदकुंकू लावून ओळीनं मांडलेलं होतं. झेंडू मिळाला नाही म्हणून खालच्या लॉनमधली पिवळी फुलं. इथवर माझी काहीच तक्रार नव्हती.

"फार कोरडं होतं गं, कुरकुरत होतं," बाबा कौतुकानं म्हणाले. "त्या नळीत जरा खोबरेल सोडलंय."

मी चाकाला बोट लावलं, ते हललं नाही.

"बाबा, कोणी सांगितलं होतं तुम्हाला? हे चाललं नाही तर सगळ्यांना परत जावं लागेल, कळतंय का?"

"अगं, हळू. त्यांना काय माहीत, यार," नवरा म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस!"

बाबांच्या बोटांना अजून कुंकू होतं. ते हात धुवायला गेले आणि तसेच आतल्या खोलीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं, पण भीती त्याहून मोठी होती.

मी इंजिन सुटं केलं. स्पिरिट आणि मऊ फडकं घेऊन एकेक भाग पुसत बसले. दसरा तसाच गेला. श्रीखंड केलं नाही की कोणी त्याची आठवण काढली नाही. रविवारी संध्याकाळी चाक फिरलं, चार-दोन फेऱ्यांत थांबलं. पुन्हा सोडवलं, पुन्हा पुसलं. टेबलाशी कोणी फिरकत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

सोमवारी लॅबमध्ये प्रोफेसर आणि त्यांनी बोलावलेल्या पाहुण्यांपुढे मी पाद्र्याची गोष्ट सांगितली आणि दिवा पेटवला. बोटानं चाकाला धक्का दिला. थांबलं. पुन्हा दिला. थांबलं. प्रोफेसर पुढे वाकून चाकाच्या कडेवरचा लाल ठिपका बघत होते. "इज दॅट रस्ट?" त्यांनी विचारलं. मी नुसती नकारार्थी मान हलवली. आणखी एक धक्का दिला, आणि चाक कण्हत कण्हत फिरायला लागलं, मग सरळ वेग घेऊन पळायला लागलं. खोलीभर जळक्या खोबरेलाचा वास सुटला. जाताना प्रोफेसर म्हणाले, पुढच्या वर्षाचं काम उद्या ठरवू. मी दिवा विझवला.

घरी दार बाबांनीच उघडलं. शनिवारपासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

"चाललं?"

"चाललं, बाबा. राहतोय आपण."

ते स्वयंपाकघरात गेले, मी त्यांच्या मागोमाग. ओट्यावर माझ्या सीरियलच्या वाडग्यात पाणी होतं आणि पाण्यात त्यांचा लहानसा पितळी गणपती. माझं काम होईपर्यंत त्यांनी देव पाण्यात ठेवला होता, आणि स्वतः सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

त्यांनी गणपती बाहेर काढला, पाणी निथळू दिलं आणि तो माझ्यापुढे धरला.

"तू पूस," ते म्हणाले. "तुला कोरडं नीट करता येतं."